दोरा, नट आणि ह्यूगिन

अगं, तुझा रात्रीचा निरोप सकाळी चहा टाकता टाकता ऐकला. ‘ताई, फोटो जोडायचं सगळ्यात भारी सॉफ्टवेअर सांग, एकदाच पैसे टाकते.’ हीच घाई मी केली होती, म्हणून सांगते. तेव्हा एका दुकानदारानं पेन ड्राइव्हवर सगळं फुकट भरून दिलं होतं. आठवड्याच्या आत कॉम्प्युटर बसला आणि एका लग्नाचे फोटो त्याच्या पोटातच राहिले. नवरीच्या आईला ते कसं सांगितलं, हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

तेव्हा चोरीचं घेऊ नकोस. त्याची गरजही नाही. ह्यूगिन नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, रीतसर फुकट, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकांनी लिहिलेल्या पॅनोरमा टूल्सवर ते उभं आहे. दिसायला रुक्ष आहे, पहिल्या दिवशी तू मला शिव्या देशील. दे खुशाल.

पण पैशाचं बोलण्याआधी तू जोडलेला सौताड्याच्या दरीचा फोटो बघ. मी तो मोठा करून पाहिला. दरी झकास जुळलीय, खालचं रामेश्वराचं देऊळही जागच्या जागी. पण डावीकडची बाभळीची फांदी मधेच तुटून दोन बोटं वर सरकलीय. तू म्हणशील सॉफ्टवेअर हलकं आहे. तसं नाही गं. हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धर आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मीट. अंगठा उडी मारतो, मागची भिंत जवळपास तिथेच राहते. तू जागेवर गोल फिरलीस, पण कॅमेरा हातभर पुढे धरलेला होता. म्हणजे तू फिरलीस तेव्हा भिंगही वीतभर सरकत गेलं. लांबच्या दरीला त्याचा पत्ता लागला नाही, जवळच्या फांदीला लागला. जवळची वस्तू अशी सरकली की हजारोंचं सॉफ्टवेअरसुद्धा नुसती सारवासारव करतं.

यावरचा उपाय गवंड्याकडचा आहे, ओळंबा. जाड दोऱ्याला लोखंडी नट बांध आणि तो भिंगाच्या नळीवरून खाली सोड. खाली खडूनं फुली मार. प्रत्येक फोटोला नट त्या फुलीवरच राहिला पाहिजे, त्यासाठी कॅमेऱ्याभोवती तुला फिरावं लागलं तरी फीर. लोक बघतात, बघू देत. कंकालेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर एका आजोबांनी मला विचारलं होतं, ‘बाई, पाणी लागतंय का इथं?’

कॅमेरा उभा धर. एका फोटोचा एक तृतीयांश भाग पुढच्यात आला पाहिजे. कापड शिवताना शिवणीत दाब सोडतो ना, तसा. उजेड, रंग, फोकस सगळं एकदा ठरवून बांधून टाक, नाहीतर एक फोटो पिवळा, दुसरा निळा येतो आणि आभाळाला ठिगळ दिसतं.

आता सॉफ्टवेअर. ते दोन फोटोंमधल्या सारख्या खुणा शोधतं. दगडाचा कोपरा, खांबावरचं नक्षीकाम, असं काहीतरी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या डेव्हिड लो यांनी अशा खुणा ओळखायची रीत काढली, आणि 2003 मध्ये मॅथ्यू ब्राउन यांच्यासोबत तिच्यावर फोटो आपोआप जोडून दाखवले. पण आपल्याकडचं उन्हाळ्यातलं कोरं आभाळ, चुन्याची भिंत, यांत खूण कुठून मिळणार? आणि पाण्यात मिळते ती खोटी असते. लाट पुढच्या फोटोपर्यंत थांबत नाही. कंकालेश्वराचं देऊळ पाण्यातच उभं, तिथे हे हटकून होतं. ह्यूगिनमध्ये या खुणा डोळ्यांना दिसतात. पाण्यावरच्या पुसायच्या, दगडावरच्या हातानं लावायच्या. मधून कोणी चालत गेलं असेल तर त्याला झाकायचीही सोय आहे. म्हणून मी ह्यूगिनच्या बाजूची. फोटोशॉपचं फोटोमर्ज झटपट जुळवतं, पण या खुणा हातात देत नाही. शिवण चुकली तर उसवता येत नाही, आणि भाडं दर महिन्याला चालूच. माझ्या हाताला उसवता येणारी शिवण लागते.

पैसे घालायचेच झाले तर पीटीजीयूआय चांगलं आहे. परवाना एकदाच घ्यायचा, आणि चाचणीची प्रत त्यांची छाप उमटवून सगळं करून दाखवते. पण महिन्याला तीन-चार कामं अशी यायला लागली, तरच घे. ‘एकदाच पैसे टाकते’ याचाही फार भरवसा धरू नकोस. ऑटोपॅनो चांगलं नावाजलेलं होतं. ते बनवणारी फ्रान्समधली कोलर कंपनी गोप्रोनं 2015 मध्ये घेतली आणि 2018 मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टचं फुकटचं आयसीईही आता त्यांच्याकडे मिळत नाही. कुठल्याही साइटवर दिसलं तर उतरवू नकोस, दुकानदाराची गोष्ट आठव.

फ्लेक्सवर फोटो किती मोठा छापता येईल, हे विचारलं होतंस ना? तुझ्या 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात उभा फोटो 4000 पिक्सेल रुंद, 6000 उंच. असे सहा, तीस टक्के एकमेकांवर चढवून जोडले की रुंदी 18000 होते. इंचाला शंभर पिक्सेल धरले तर पंधरा फूट रुंद नि पाच फूट उंच. आपल्या चौकातल्या वाढदिवसाच्या बोर्डांना एवढी स्पष्टता कुणी मागतही नाही.

एक राहिलंच. तुझ्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे, चाळीसेक फूट लांबीचं कापड, त्यावर त्यांनी लिहिलेलं. असली लांब, सपाट वस्तू कधी समोर आली तर ओळंब्याचा नियम उलटा. तिथे जागेवर फिरायचं नाही, कापडाला समांतर सरकत जायचं, अंतर न बदलता. सपाट कापडात पुढे-मागे काही नसतं, त्यामुळे अंगठ्याची ती उडीही नसते. ह्यूगिनला मात्र आपण सरकलोय हे सांगावं लागतं, नाहीतर ते बिचारं आपण फिरलोय असं धरून कापडाला बाक आणतं.

रविवारी पहिल्या एसटीनं ये. सकाळच्या उन्हात कंकालेश्वर धरू. दोरा-नट माझ्याकडे आहे, खडू तू आण. आणि सौताड्याचे सुटे फोटो ठेवलेस ना? उडवले असशील तर आत्ताच कळव, रागवायचं ते फोनवरच रागवून घेते.