बाळ दमतं कशानं?

अवसरी खुर्दच्या एका घरात दवाखान्यातून अपुऱ्या दिवसांचं बाळ आलं, जेमतेम पावणेदोन किलोचं. आत्याबाईंनी लगेच निदान केलं, "अंगावर ओढताना लेकरू दमतंय. बाटली दे." बाळंतिणीलाही पटलं, कारण दोन घोट घेतले की बाळ झोपायचं.

बाटली झटपट रिकामी होऊ लागली आणि घर खूश झालं. पण पिताना ठसका लागे, ओठ निळसर पडत, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळे. गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी बाळाला झोळीच्या काट्यात घातलं, तर वजन मागच्या खेपेइतकंच!

ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी दूध नळीने देतात ते म्हणूनच. अंगावर पिताना बाळ मध्येच थांबून दम खातं. बाटलीचं दूध मात्र तोंडात येतच राहतं, उसंत मिळत नाही. आणि दमण्याचं म्हणाल, तर इस्रायलमधल्या डॉक्टरांनी अशा बाळांच्या ऊर्जेचा खर्च मोजून 2009 मध्ये निष्कर्ष छापले. अंगावर पिण्याला वेळ जास्त लागला, पण ऊर्जेच्या खर्चात लक्षणीय फरक दिसला नाही. आत्याबाईंचा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

मग ऊर्जा जाते कुठे? अशा बाळाला रोज किलोमागे साधारण 110 ते 135 कॅलरी लागतात, आणि आईच्या 100 मिली दुधात असतात 65-70. म्हणजे या बाळाला दिवसाकाठी 300 मिलीच्या आसपास दूध हवं. गारठ्यात त्यातली काही ऊर्जा अंग ऊबदार ठेवण्यातच खर्ची पडते, कारण कातडीखाली चरबी फार कमी असते. आणि या घरात तर ऐन थंडीत रोजची अंघोळ आणि मालिश चालू होती!

आशाताईंनी अंघोळ-मालिश बंद करवली, बाटलीही. बाळ अंगावर घ्यायचं, पुरेसं ओढलं नाही तर पिळून काढलेलं दूध स्वच्छ वाटी-चमच्याने, घोटाघोटाने द्यायचं. उरलेला वेळ बाळ उघड्या छातीशी, वरून पांघरूण. बोगोटात 1978 मध्ये सुरू झालेली ही कांगारू पद्धत बापाला, आजीलाही जमते. आईला दूधच कमी असेल तर काही मोठ्या रुग्णालयांत दूधपेढ्या असतात. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली पेढी 1989 मध्येच उभारली.

बाळाने ओढणं सोडलं, अंग गार पडलं किंवा श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, तर सकाळची वाट बघू नये. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. वाटेतही बाळ छातीशीच ठेवावं.