झोपेतून उठताना बाळ झटके देतं का?

मैत्रिणींनो, पहिल्या वर्षात बाळाचा मेंदू फार वेगानं वाढतो. याच वयात एक आकडी येते. झोपेतून उठताना बाळ मान टाकतं, हात आखडतं, तेही लागोपाठ. आवाजानं एकदा दचकणं वेगळं. पोट दुखत असेल म्हणून आपण थांबतो, अन् बाळ हसणं-बघणं विसरत जातं. अभ्यास सांगतात, उपचार जितके लवकर, तितकी पुढची वाढ चांगली. मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्याच दिवशी वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. डॉक्टर ईईजी तपासणी सांगतील.

मोठा झटका आला तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. ५ मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करा. औषध मनानं बंद करू नका.