नाशिकचा कुत्रा विमानात बसण्यापूर्वी

२०२३ साली वाराणसीच्या रस्त्यावरील ‘जया’ नावाची कुत्री नेदरलँडला गेली, ही बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. काशी पाहायला आलेल्या एका डच बाईंना तिचा लळा लागला. पण तिला बरोबर नेण्यासाठी त्यांना भारतातील आपला मुक्काम सहा महिने वाढवावा लागला. एका धडधाकट कुत्रीसाठी एवढा खोळंबा कशाला?

समजा, आपल्या नाशिकमध्ये पंचवटीतील एका गल्लीत जखमी झालेल्या कुत्र्याची कोणी शुश्रूषा केली आणि जर्मनीतील एका मराठी कुटुंबाने त्याला दत्तक घ्यायचे ठरविले. तिकडचे अधिकारी तीन प्रश्न विचारतील. हा कुत्रा तोच कशावरून? त्याला रेबीजची लस लागू पडली कशावरून? आणि रेबीज त्याच्या अंगात आधीच शिरलेला नाही कशावरून? या तीन प्रश्नांची उत्तरे तीन निरनिराळ्या मार्गांनी मिळतात.

हा कुत्रा तोच कशावरून?

गळ्यातला पट्टा बदलता येतो. म्हणून कुत्र्याच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी टोचतात. तीत तारेचे एक इवलेसे वेटोळे आणि एक चिप असते. चिपमध्ये १५ अंकी क्रमांक साठविलेला असतो. गंमत अशी की, कुपीत बॅटरी नसते! मग चिप चालते कशी?

उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. १८३१ साली फॅरडेने दाखवून दिले की, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. चिप वाचणाऱ्या यंत्रातही एक वेटोळे असते. त्यातून सेकंदाला १,३४,२०० वेळा आंदोलणारा प्रवाह जातो. यंत्र मानेजवळ नेले की कुपीतल्या वेटोळ्यात प्रवाह सुरू होतो आणि चिप जागी होते. म्हणजे हा एक ट्रान्सफॉर्मरच झाला. प्राथमिक वेटोळे यंत्रात, तर दुय्यम वेटोळे कुत्र्याच्या मानेत! चिप आपल्या क्रमांकानुसार दुय्यम मंडलावरचा भार कमीजास्त करते. त्याचा परिणाम प्राथमिक मंडलावर होतो आणि यंत्राच्या पडद्यावर अंक उमटतात.

हे सारे काही सेंटीमीटर अंतरावरच घडते. त्यामुळे हरवलेला कुत्रा कोठे आहे, हे चिप सांगू शकत नाही. सापडलेला कुत्रा कोणता, एवढेच ती सांगते.

नियम असा की, आधी चिप आणि मग लस. क्रम उलटा झाला, तर लस नेमक्या याच कुत्र्याला दिली होती हे सिद्ध कसे करणार?

लस लागू पडली कशावरून?

लस टोचल्यावर शरीर रेबीजच्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. याला वेळ लागतो. म्हणून लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेतात आणि युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवितात. तेथे रक्तद्रव अधिकाधिक पातळ करीत विषाणूंबरोबर मिसळतात आणि ते मिश्रण जिवंत पेशींवर सोडतात. किती पातळ केल्यावरही रक्तद्रव विषाणूंना रोखून धरतो, यावरून प्रतिपिंडांचे प्रमाण काढतात. ते दर मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे.

रोग आधीच शिरलेला नाही कशावरून?

खरी अडचण येथेच आहे. रक्तपरीक्षेने लस लागू पडल्याचे कळते. पण लस देण्यापूर्वीच त्या कुत्र्याला पिसाळलेले कुत्रे चावले असेल तर? रेबीजचा विषाणू रक्तातून पसरत नाही. तो जखमेजवळच्या स्नायूंत आठवडेच्या आठवडे रेंगाळू शकतो. मग मज्जातंतूत शिरून दिवसाला फार तर काही सेंटीमीटर अशा गतीने मेंदूकडे सरकतो. या काळात कुत्रा अगदी निरोगी दिसतो. आत दडलेला हा विषाणू खात्रीने शोधून काढील अशी परीक्षा जिवंत कुत्र्यावर करता येत नाही. तेव्हा एकच उपाय उरतो, तो म्हणजे वाट पाहणे! रक्ताचा नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. रोग असेलच, तर एवढ्या अवधीत तो बहुधा प्रकट होतो.

पूर्वी ब्रिटनमध्ये परदेशाहून आलेल्या कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात काढावे लागत. चिप, लस आणि रक्तपरीक्षा यांच्या भरवशावर २००० साली काही देशांसाठी आणि २०१२ साली भारतासारख्या देशांसाठीही ही अट सुटली. पिंजऱ्याची जागा मोजमापाने घेतली. मात्र सर्व देशांचे नियम सारखे नाहीत. रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांतून दत्तक देण्यासाठी कुत्रे आणण्यास कॅनडाने सप्टेंबर २०२२ पासून बंदी केली. त्या देशांत भारतही आहे.

आणि गल्लीत राहिलेले कुत्रे?

एक कुत्रा जर्मनीला गेला, तरी त्याचे भाऊबंद पंचवटीतच राहतात. त्यांनाही तीच लस हवी. एखाद्या वस्तीतील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली आणि ते प्रमाण टिकविले, तर रेबीजची साखळी तुटते असे तज्ज्ञ मानतात. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याची जबाबदारी महानगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांवर आहे.

तुम्हांला कुत्रे चावले, तर विषाणूची ही मंदगतीच तुम्हांला वाचवू शकते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. विषाणू मेंदूत पोहोचण्याआधी प्रतिपिंडे तयार झाली, तर माणूस वाचतो. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र बहुधा कोणताही उपाय चालत नाही. म्हणून घरात सांगायची भीती बाळगू नका.

सोडवून पाहा

१. कुत्र्याला १० मार्चला चिप बसवून लस दिली. रक्ताचा नमुना लवकरात लवकर कोणत्या तारखेला घेता येईल? तो कुत्रा जर्मनीत कोणत्या तारखेनंतर जाऊ शकेल?

२. चिप वाचणाऱ्या यंत्राच्या वारंवारतेवरून तरंगलांबी काढा (प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर धरा). या तरंगलांबीपुढे यंत्र आणि कुत्रा यांच्यातील अंतर केवढे आहे?

उत्तरे : (१) ९ एप्रिल, ९ जुलै. (२) सुमारे २,२३५ मीटर; त्यापुढे काही सेंटीमीटर म्हणजे नगण्यच. म्हणूनच येथे काम करते ते दूरवर जाणाऱ्या लहरींचे प्रक्षेपण नव्हे, तर दोन वेटोळ्यांमधील प्रवर्तन.