मे महिन्यात बेटं नकोत

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की अहमदपूरच्या दवाखान्यांत एक प्रश्न हटकून येतो. आई-वडिलांना घेऊन अंदमानला किंवा लक्षद्वीपला निघालोय, सोबत कोणत्या गोळ्या न्यायच्या? तिकिटं बहुधा मे महिन्याचीच काढलेली असतात. मुलांना सुट्टी तेव्हाच, शेतातली कामंही त्या दिवसांत जरा सैल. बालाघाटावरच्या चाळीस-बेचाळीस अंशांतून सुटका होणार म्हणून घरात उत्साह असतो. पण गोळ्यांच्या आधी तारखेचा विचार व्हायला हवा.

आपल्याकडे मृगाची वाट पाहणं सुरू असतं, तेव्हा मोसमी पाऊस अंदमानात पोचलेला असतो. मेचा तिसरा आठवडा ही त्याची नेहमीची वेळ. अरबी समुद्रही तेव्हा भरवशाचा नसतो. 2021 च्या मेमध्ये लक्षद्वीपजवळ जन्मलेलं तौक्ते चक्रीवादळ कोकणाला झोडपत गुजरातवर जाऊन आदळलं. दिवाळीची सुट्टी हा लोकांचा दुसरा लाडका पर्याय, मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ. 2016 च्या डिसेंबरात हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक अडकले, त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. तरण्याताठ्यांना अशी अडचण पुढे सांगायला किस्सा होते. मोजून पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन निघालेल्या मधुमेही आजोबांचा मात्र जीव टांगणीला लागतो.

म्हणून येळवस झाली, तुरीची रास घरात आली की निघावं. जानेवारी ते मार्चचा मध्य हा दोन्ही बेटसमूहांसाठी उत्तम काळ. पाऊस नावापुरता, वारा बेताचा, समुद्र निवलेला. मुलांची शाळा चार दिवस बुडाली तर काही बिघडत नाही.

लक्षद्वीपच्या बाबतीत तर समुद्र शांत असणं ही चैनीची गोष्टच नव्हे. तिथे बेटाभोवती प्रवाळाचं कडं आणि आत उथळ पाणी, त्यामुळे मोठं जहाज बहुतेक ठिकाणी बाहेरच उभं राहतं. प्रवाशांना जहाजाच्या कुशीतल्या दारातून लहान बोटीत उतरावं लागतं. बोट लाटेबरोबर वरखाली होत असते, खलाशी दंडाला धरतो आणि ती वर आली की पाय टाकायचा. गुडघे बदललेल्या किंवा चक्कर येणाऱ्या माणसाला हा एक पाय टाकणंच सगळ्या सहलीतलं अवघड काम. जानेवारीत ते जमून जातं, मेअखेरीस नाही.

शांत समुद्रातही काहींना बोट लागते. डोळ्यांना केबिनच्या भिंती स्थिर दिसतात, आतल्या कानाला हेलकावे कळतात आणि मेंदूचा गोंधळ उडतो. ज्यांना एसटीत गाडी लागते त्यांनी केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागावी, मोबाइल बाजूला ठेवून क्षितिजाकडे बघावं, पोट रिकामं ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. उलटीवरची ॲव्होमिनसारखी गोळी निघण्याआधी घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. तिने झोप येते, वृद्धांचा तोल जातो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती मनाने घेऊ नये.

खरी काळजी मधुमेहाची. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेतलं, जेवण उलटून पडलं, की साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, भांबावलेलं बोलणं दिसलं तर माणूस शुद्धीवर असेतो साखरेचं पाणी द्यावं. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता जहाजावरच्या डॉक्टरला बोलवावं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना उलट्या-जुलाबांत लवकर कोरड पडते, म्हणून ओआरएसची पाकिटं जवळ हवीत. जहाजावर जुलाबांची साथ भराभर पसरते. तिथे सॅनिटायझरवर विसंबू नये, जेवणाआधी साबणानेच हात धुवावेत.

तरुणांसाठी एकच सूचना. स्कूबा डायव्हिंग केल्यावर त्याच दिवशी विमानात बसू नये, पुरता एक दिवस जाऊ द्यावा. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. त्याचे कागद गोळा करतानाच आपल्या डॉक्टरांकडेही एक फेरी मारावी, रोजच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या घ्याव्यात आणि त्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.