आजीच्या डब्यातली नाणी

पुणे

चि. सोनू हिस,


तू पाठवलेले फोटो पोचले. आजीचा तो पितळी डबा तुझ्या हाती आला, याचा फार आनंद झाला. पण खाली तू लिहिलंस, ‘मामा, चिंच लावून घासते, म्हणजे नीट दिसतील’, ते वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. घासू नकोस. चिंच नको, लिंबू नको, राख नको, रांगोळी नको, बाजारातली पावडरही नको.

टांकसाळीत ठशाचा दाब पडतो तेव्हा धातू सरकतो आणि नाण्यावर अगदी बारीक रेषा उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की त्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो, तो या रेषांमुळे. एकदा घासलं की त्या गेल्या, आणि पुन्हा कुणालाही आणता येत नाहीत. मी कॉलेजात असताना इथल्या जुन्या बाजारातून एका बुधवारी तांब्याची शिवराई आणली. तिच्यावर चॉकलेटी रंगाचा सारखा, घट्ट थर होता. मी ती लिंबाने चोळली. पाच मिनिटांत ती नव्या तांब्याच्या भांड्यासारखी गुलाबी झाली. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं आधीही वाचता येत होती, त्यात काही भर पडली नाही. पिढ्यान्‌पिढ्या चढलेला रंग मात्र गेला. ती शिवराई आजही माझ्याकडे आहे आणि ती पाहिली की अजून वाईट वाटतं.

तुझ्या डब्यातल्या तांब्याच्या नाण्यांचा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, ते त्यांचं कवच आहे. फक्त एखाद्यावर पोपटी, भुकटीसारखा कळंक दिसला, बोटाला लागला, तर ते नाणं वेगळ्या कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेव. तो कळंक वाढत जातो. चांदीच्या रुपयांवरचा काळपटपणाही राहू दे.

आता तुझा 1862चा रुपया. ‘दीडशे वर्षांचा आहे, लाखाला जाईल’ असं तुला कुणीतरी सांगितलंय. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवर 1862 हे साल 1874पर्यंत तसंच छापत होते. त्यामुळे 1862चे रुपये आजही भरपूर सापडतात. वय आणि दुर्मीळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा नाण्याची किंमत मुख्यतः ते कोणत्या अवस्थेत टिकलंय त्यावर ठरते, आणि ते तुझं तुला पाहता यायला हवं.

टेबलावर मऊ टॉवेल पसर. रुपया कडांनाच धर, चेहऱ्यावर बोट लावू नकोस, घामाचा ठसा चांदीवर कायमचा बसतो. मोठा दिवा बंद करून एकाच बाजूने उजेड येऊ दे. झीज आधी उंच भागांवर दिसते. म्हणून राणीच्या कानावरचे केस पाहा, मग मुकुटातले खडे, मग अंगावरच्या चोळीची नक्षी. केसांच्या बटा सुट्या दिसतात की सगळा भाग सपाट, गुळगुळीत झालाय? नक्षीतली फुलं मोजता येतात का? फोटोवरून मला गाल आणि केस झिजलेले वाटतात, नक्षी मात्र बऱ्यापैकी शाबूत आहे. तसं असेल तर व्यापारी त्याला ‘फाइन’ किंवा ‘व्हेरी फाइन’ म्हणतील. ‘एक्स्ट्रा फाइन’ त्याच्या वर, आणि चलनात न गेलेलं ते ‘अनसर्क्युलेटेड’. यातल्या एकेका पायरीला भाव दुप्पट-चौपट होऊ शकतो. विकणारा नाण्याला नेहमी एक पायरी वर चढवून सांगतो, हे ध्यानात ठेव.

मग काठ पाहा. कंगोरे सगळीकडे सारखे हवेत. एखाद्या जागी ते दबलेले, आणि वर चांदीचा गोळा बसल्यासारखं काही दिसलं, तर तिथे कडी लावून डाग दिला होता असं समज. आपल्याकडे बायका रुपयांची माळ घालत, तशा माळेतून निघालेले रुपये पुष्कळ आहेत. डाग काढून घासलेल्या रुपयाला धातूपेक्षा फारसं जास्त मिळत नाही.

वजन सराफाच्या काट्यावर कर. रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.7 ग्रॅम. वापराने वजन थोडं घटतं. पण दहा-साडेदहाच भरलं तर खोटेपणाचा संशय घे. दोऱ्याने बांधून पाण्यात तोललं तर खऱ्या रुपयाचं वजन 1.13 ग्रॅमच्या आसपास कमी होतं. हलक्या धातूचा नकली रुपया इथे पकडला जातो. फरशीवर आपटून वाजवू नकोस, कड चेपते. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकं टिचकव, नाद लांबतो का ते ऐक.

डब्यातल्या राजाछाप रुपयांत 1940 ते 1945चे वेगळे काढ. त्यांत चांदी निम्मीच आहे. 1939चा असेल तर मात्र आधी मला कळव. तो दुर्मीळ आहे, म्हणूनच 1938चा 8 कोरून 9 करतात. असा एक मी दहापट भिंगाखाली पाहिला होता. सालाचे बाकीचे आकडे सपाट जमिनीवर उभे होते. 9च्या डाव्या अंगाला मात्र जमीन जराशी खचलेली, आणि तिच्यावर सुईने ओढल्यासारखे ओरखडे.

शिवराईला ही फूटपट्टी लावू नकोस. ती हाताने ठोकलेली आहे. तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान असे, म्हणून अक्षरं काठाबाहेर जात. तिथे ‘श्री राजा शिव’ आणि मागचं ‘छत्रपति’ किती उतरलंय, ठसा मध्यावर बसलाय का, हे पाहतात. रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी सुरू झालेलं हे नाणं पुढे पेशवाईतही वर्षानुवर्षं पाडलं गेलं, म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. तुझ्या डब्यातल्या तिन्ही शिवरायांबद्दल मी त्या स्वतः हातात घेऊनच सांगेन.

डब्यातलं रामदरबाराचं, 1818 सालचं ‘वन आना’ देवघरात ठेव. कंपनीने असं नाणं पाडलेलंच नाही, ती मागाहून केलेली बनावट आहे. आणि ‘तांदूळ ओढणारं नाणं’ किंवा ‘अमुक नाण्याला पाच लाख देतो, आधी कर आणि कमिशन भरा’ असा फोन आला तर बोलूच नकोस. रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन असे फोन येतात. बँकेने 2021मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. भाव पाहायचा तर लिलावात प्रत्यक्ष किती मिळाले ते पाहा, लोक किती मागतात ते नव्हे.

विकण्याची घाई नको. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालू नकोस, त्यांतून सुटणाऱ्या रसायनाने नाणी हिरवी, चिकट होतात. प्रत्येकाचं वजन, साल आणि दोन्ही बाजू वहीत लिहून ठेव. दसऱ्याला मी येतो, तेव्हा माझं भिंग घेऊन एकेक पाहू.

आणि त्या एका रुपयावर, राणीच्या गळ्याशी, कुंकू बसलेलं आहे ना? तो आजीचा लक्ष्मीपूजनाचा रुपया. दर दिवाळीला ती तोच ताम्हनात ठेवायची. त्याला हात लावू नकोस, वहीत त्याच्यापुढे फक्त ‘आजीचा’ असं लिही.

तुझा,
मामा