नेटचीही पाळी असते

व्यापारी बांधवांनो, साडीच्या डिझाइनचे फोटो पार्टीला धाडताना नेट अडते, तेव्हा पुष्कळदा त्याच लाइनीवर घरातले कोणी 'टोरेंट' चालवत असते. यात फाइल एका ठिकाणाहून येत नाही. घेणारेच एकमेकांना तुकडे देतात. संगणक एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतो आणि पाठवण्याची वाट भरून जाते.

आम्हा नरसिंहपूरकरांना नीरा डाव्या कालव्याची पाळी ठाऊक आहे. वरच्यांनी जास्त ओढले की टेलचे शेत कोरडे. म्हणून नेट कंपनीही आवर घालते. एक तर टोरेंट ओळखून तेवढेच अडवते. किंवा गर्दीच्या वेळी जो जास्त ओढतो त्याला, तो काहीही ओढो, मागे ठेवते.

अमेरिकेत कॉमकास्ट कंपनी पहिली रीत वापरत होती, तीही लपून : दोन्ही टोकांना 'जोडणी तुटली' असा खोटा निरोप. हे तर काटा मारणेच झाले! २००७ साली ते उघड झाले. ऑगस्ट २००८ मध्ये सरकारी आयोगाने ते थांबवण्याचा हुकूम दिला. २०१० मध्ये कोर्टाने हुकूम रद्द केला, पण तोवर कंपनी दुसऱ्या रीतीवर आली होती.

आपल्याकडे २०१८ साली दूरसंचार खात्याने ट्रायच्या शिफारशी मान्य केल्या : मजकूर पाहून भेदभाव नको, गर्दी आवरायला वाजवी मुभा. तेव्हा जोडणी घेताना दोन गोष्टी विचारा. ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती उरतो, आणि पाठवण्याचा वेग किती?