प्रतिजैविके : उपयोग आणि दुष्परिणाम

तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी धन्वंतरी महाल ही वैद्यकसंस्था चालविली. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. रुग्णाची लक्षणे व त्यावरील उपचार लिहून ठेवण्याची ही शिस्त होती. तथापि, शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळली, तर त्या काळी जगात कोठेही खात्रीचा इलाज नव्हता. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला आणि पुढे तो इलाज हाती आला.

जीवाणूंचा नाश करणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांना प्रतिजैविके म्हणतात. त्यांचे प्रमुख वर्ग असे :

पेनिसिलिन वर्ग जीवाणूंची पेशीभित्तिका बनू देत नाही. घशाचे काही संसर्ग, न्यूमोनिया व उपदंश यांवर तो उपयुक्त आहे. काहींना मात्र त्याचे वावडे असते. अंगावर पित्त उठते आणि क्वचित श्वास कोंडून प्राणही जातो. अशा रुग्णांना पुष्कळदा मॅक्रोलाइड वर्गातील एरिथ्रोमायसिन देतात. त्याने मळमळ व पोटदुखी होऊ शकते.

टेट्रासायक्लिन वर्ग पटकी व टायफस ज्वरावर गुणकारी आहे. पण लहान मुलांचे दात त्याने कायमचे डागाळू शकतात. ॲमिनोग्लायकोसाइड वर्गातील स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक होय. त्यामुळे श्रवणशक्ती व मूत्रपिंडे यांना इजा पोहोचू शकते. क्लोरॅम्फेनिकॉल नेत्रसंसर्गात थेंबांच्या रूपाने वापरतात. पोटात घेतल्यास ते क्वचित अस्थिमज्जेचे रक्तनिर्मितीचे कार्यच बंद पाडते.

सर्दी, फ्लू यांसारख्या विषाणुजन्य विकारांवर यांपैकी एकही औषध चालत नाही. विनाकारण घेतलेल्या प्रत्येक मात्रेने दुष्परिणामांचा धोका तेवढा पत्करला जातो, आणि औषधाला दाद न देणारे जीवाणू मागे उरून वाढतात. अशा जीवाणूंमुळे एकेकाळी हमखास लागू पडणारी औषधे निकामी ठरू लागली आहेत.

म्हणून औषध वैद्याच्या सल्ल्यानेच, सांगितलेल्या मात्रेत व सांगितलेले दिवस घ्यावे. पूर्वी कोणते औषध सोसले नाही, ते लिहून ठेवावे आणि नव्या वैद्याला ते टिपण प्रथम दाखवावे. तंजावरच्या वैद्यांजवळ प्रतिजैविके नव्हती, टिपणे होती. आज औषधे विपुल आहेत. परंतु वावड्याची एक ओळ लिहिलेली नसेल, तर तेच औषध रुग्णाच्या जिवावर उठू शकते.